शून्याच्या अल्याड-पल्याड

मीकर गावाबाहेर, व्हाइट नदीच्या खोऱ्यातून वरच्या पठाराकडे जाणारे कच्चे रस्ते ऑक्टोबरच्या अखेरीस पहाटे चार वाजता टणक असतात. सकाळी दहाच्या सुमारास त्यांच्यावर पातळ, ओली चकाकी येते. दुपारी दोनला त्याच रस्त्यावर चारही चाकांना जोर असलेली पिकअप आडवी होत कडेच्या चरात उतरते. रात्री आठला तिची चाकं चिखलासकट गोठलेली असतात आणि ती जागची हलत नाही. एवढ्या वेळात तापमान फार बदललेलं नसतं. शून्याखाली चार-पाच अंश, शून्यावर चार-पाच अंश, बस्स. वायव्य कोलोरॅडोत शिकारीला येणाऱ्या माणसाची गाडी, कपडे, घोडे, झोप आणि कधीकधी जीवसुद्धा या आठ-दहा अंशांच्या पट्ट्यावर अवलंबून असतो.

यंदाच्या अंकाचा विषय ‘वाट’ आहे, आणि वाट जिथे अवघड होते तिथे जाऊन बघा, असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला आमच्या महामार्गावरच्या गाड्या आठवल्या. मी डेन्व्हरला राहते. दर ऑक्टोबरात आय-७० महामार्गावरून नारिंगी टोप्या घातलेली माणसं पश्चिमेला निघालेली दिसतात. मागे घोड्यांचे ट्रेलर असतात, पिकअपवर ताडपत्रीखाली बांधलेले तंबू असतात. आठवड्याने त्याच गाड्या काचांपर्यंत करड्या चिखलाने माखून परततात. तो चिखल कुठला आणि त्यातून ही माणसं वाट कशी काढतात, हे बघायला मी गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मीकरला गेले.

मी शिकार करत नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला, ते योग्यच झालं असं मी मानते. कोलोरॅडोची परिस्थिती वेगळी आहे. इथलं मुख्य जनावर एल्क, म्हणजे काश्मीरच्या हंगुलचा जवळचा नातेवाईक, पण अंगाने त्याच्यापेक्षा बराच थोराड. बेसुमार शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राज्यात जेमतेम हजारभर एल्क उरले होते. मग वायोमिंगमधून कळप आणून सोडले, शिकारीवर निर्बंध घातले, आणि आज इथे सुमारे २ लाख ८० हजार एल्क आहेत. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतके नाहीत. शिकारीला परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, विभाग ठरलेला असतो. मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर तो गुन्हा आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. हे मान्य असो वा नसो, हजारो माणसं दर वर्षी थंडीत या रानात शिरतात आणि त्यांतली बहुतेक धडधाकट परत येतात. ते कसं जमतं, हे बघण्यासारखं आहे.

वापसा

या भागात मला वाट दाखवायला एक मराठी माणूस भेटला. मूळ यवतमाळ जिल्ह्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. आता फोर्ट कॉलिन्सला राहतो, बियाण्यांवर काम करतो आणि बऱ्याच वर्षांपासून मित्रांबरोबर एल्कच्या शिकारीला येतो. मी त्यांना दादा म्हणू लागले, ते मला ताई. मीकरहून निघाल्यावर पहिल्याच कच्च्या फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले, टाचेने रस्ता उकरला आणि चिमूटभर माती बोटांत चोळली.

“ताई, हे आपलीच माती आहे बाप्पा. फक्त रंग बदलला. ओली झाली का एक पाऊल पुढं जाऊ देत नाही.”

त्यांचं म्हणणं भूशास्त्रालाही धरून आहे. मीकरच्या आसपासच्या बोडक्या करड्या टेकड्या मॅनकॉस शेलच्या आहेत. साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या मधोमध एक उथळ समुद्र होता, त्याच्या तळाचा गाळ घट्ट होऊन हा खडक बनला. पश्चिमेकडच्या ज्वालामुखींची राख त्या समुद्रात पडत राहिली आणि तिच्या थरांचं पुढे बेंटोनाइट झालं. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीला पावसात फुगवणारी आणि उन्हाळ्यात भेगा पाडणारी खनिजं याच घराण्यातली. आपल्याकडे ती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली.

या मातीचा प्रत्येक कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म पापुद्रे. पाणी दोन पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना दूर ढकलतं. माती फुगते, पापुद्रे एकमेकांवरून सरकू लागतात. फुगलेला वरचा थर खालच्या मातीची तोंडं बंद करून टाकतो, म्हणून पाणी खाली मुरत नाही. शेततळ्याला अस्तर म्हणून बेंटोनाइट वापरतात ते याच गुणामुळे. रस्त्यावर मात्र त्याचा अर्थ असा की पाऊस जास्त पडायची गरज नाही. वरचा अर्धा इंच ओला झाला तरी पुरे. खालचा रस्ता कोरडा ठणठणीत आणि वर लोण्याचा थर.

टायरच्या खाचा पहिल्या काही फेऱ्यांतच भरून जातात. मग टायर कितीही महागाचा असो, तो गुळगुळीतच. चिखल चाकाच्या कमानीत साचत जातो, चाक घासायला लागतं आणि शेवटी अडतं. बुटांचं तेच. मी पन्नास पावलं चालले असेन, दोन्ही बुटांना किलो-किलोचा गोळा चिकटला होता. काडीने खरवडून काढावा आणि दहा पावलांत पुन्हा तेवढाच. इथले लोक या चिखलाला ‘गंबो’ म्हणतात आणि म्हणताना हसत नाहीत.

“माझे बाबा वापसा आल्याबगर, म्हणजे जमीन बेताची सुकल्याबगर, वावरात बैल घालू द्यायचे नाहीत,” दादा गाडीत बसताना म्हणाले. “हेच तर समजत नाही इथं शहरातून येणाऱ्या लोकांना. त्यांना वाटते फोर बाय फोर आहे नं, मग काय.”

गोठलेलं असताना आत, गोठलेलं असताना बाहेर

दादांच्या मित्रमंडळींचा कॅम्प ज्या आउटफिटरच्या हद्दीला लागून होता, तो याच खोऱ्यात जन्मलेला, साठीच्या पुढचा माणूस. घोडे, खेचरं, तंबू आणि स्वयंपाक असं सगळं पुरवून तो बाहेरगावच्या शिकाऱ्यांना रानात नेतो. रस्त्याबद्दल त्याचा नियम एका ओळीचा आहे: गोठलेलं असताना आत जायचं, गोठलेलं असताना बाहेर पडायचं. सामान हलवायचं ते पहाटे. उन्हं वर आली की गाडीची किल्ली खिशात. दुपारी कितीही महत्त्वाचं काम निघालं तरी घोड्यावरून जायचं, नाहीतर पायी.

आणि दुपारी अडकलातच तर? मला वाटलं होतं, फावडं आणि विंच यांबद्दल तो बरंच काही सांगेल. त्याने सांगितलं ते असं: गाडीतून उतरा, शेगडी पेटवा, गरम काहीतरी प्या, कोरडे मोजे घाला आणि रात्रीची वाट बघा. संध्याकाळी पाचला चार माणसांनी घाम गाळून जी गाडी हलत नाही, ती पहाटे पाचला स्वतःच्या जोरावर निघते. अट एकच. झोपण्याआधी चाकांच्या कमानींतला चिखल खरवडून काढलेला हवा, नाहीतर चाक आणि चिखल रात्रीत एक होतात. हँडब्रेकही लावायचा नाही, तो ओला होऊन गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाखाली लाकडाचा ठोकळा, आणि तोंड उताराकडे, बाहेर जायच्या दिशेला.

साखळ्या लावण्याचं काम मी जवळून बघितलं. लोखंडी साखळ्यांचं जाळं जमिनीवर अंथरायचं, पीळ सोडवायचा, चाकावर टाकायचं, मग गाडीखाली आडवं होऊन आतल्या बाजूचा आकडा हाताने शोधून अडकवायचा. तो दिसत नाही, बोटांनाच कळावा लागतो, आणि जाड हातमोज्यात बोटांना काही कळत नाही. म्हणून उघड्या हातांनी. लोखंड उणे चारला. दादांनी आधी ताडपत्री पसरली, कारण चिखलात पाठ भिजली तर पुढचा सगळा दिवस वाया जातो. चारही चाकांना साखळ्या चढवून, पन्नास-साठ फूट पुढे घेऊन, पुन्हा उतरून त्यांनी ढिलाई काढली. हे सगळं कोरड्या, सपाट जागेवर, चिखल सुरू होण्याआधी. रुतलेल्या चाकाला साखळी चढवता येत नाही, आणि तरीही बहुतेक नवखे लोक रुतल्यावरच साखळ्यांची पेटी उघडतात, असं आउटफिटर म्हणाला. घरी, अंगणात, दिवसाउजेडी सराव करून या, हा त्याचा प्रत्येक गिऱ्हाइकाला आग्रह असतो.

दुसरी गाडी ओढायला आली तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवण्यासारखी. ट्रेलर अडकवायचा जो गोल लोखंडी बोंडा पिकअपच्या मागे असतो, त्याला ओढदोर कधीही बांधायचा नाही. झटक्याने बोंडा तुटला तर गोळीसारखा उडतो, आणि त्याने माणसं मेलेली आहेत. दोर चेसीला जोडलेल्या आकड्याला लावायचा, मधोमध जड घोंगडं टाकायचं, आणि बघ्यांनी दूर उभं राहायचं.

ओल

कॅम्प ९ हजार फुटांच्या आसपास होता. कॅनव्हासचे उभ्या भिंतींचे तंबू, आत पत्र्याची लाकडावर चालणारी शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर. तंबूच्या तोंडाशी जुना गालिचा टाकला होता आणि त्याच्या पुढे बूट नेणाऱ्याला दम मिळत होता. छताच्या मधल्या आडव्या काठीला बुटांच्या आतले लोकरीचे अस्तरमोजे टांगलेले. या लोकांचे बूट बाहेरून रबर-चामड्याचे आणि आतून सुट्या जाड नमद्याचे असतात. नमदा रात्री काढून वाळवायचा आणि सकाळी दुसरा, कोरडा जोड घालायचा. ज्याच्याकडे एकच जोड आहे तो दुसऱ्या दिवशी तंबूतच बसतो.

स्वयंपाक बघणाऱ्या बाईंनी मला पाण्याचे कॅन दाखवले. सगळे उलटे ठेवलेले. बर्फ पाण्यावर तरंगतो, म्हणजे गोठायला सुरुवात वरून होते. कॅन उलटा ठेवला की बर्फ बुडाकडे धरतो आणि सकाळी सरळ केल्यावर तोंड मोकळं मिळतं. दिव्याच्या बॅटऱ्या, फोन, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र हे सगळं त्यांच्याबरोबर झोपायच्या पिशवीत. रायफली मात्र तंबूच्या उबेत आणायच्या नाहीत. गार लोखंडावर आणि दुर्बिणीच्या काचेवर उबदार हवेतलं बाष्प बसतं, बाहेर नेलं की ते गोठतं, आणि ऐन वेळी काच आंधळी होते किंवा चाप अडतो. रायफली बाहेरच्या छपरीत, गार जागी.

तंबूत सगळ्यांच्या बोलण्यात थंडीपेक्षा ओलीची धास्ती जास्त होती. उणे पंधराला बर्फ कोरडा असतो, झटकला की पडतो. चिखल नसतो, कपडे भिजत नाहीत. जीव जातो तो बहुधा शून्य ते दहा अंशांमध्ये, भुरभुर पावसात, ओल्या बर्फात, वाऱ्यात. पाणी शरीरातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून नेतं. म्हणून सुती कपडा इथे कोणी अंगाला लावत नाही. भिजलेली जीन्स मांड्यांना चिकटते आणि तासाभरात पाय बधिर होतात. लोकर भिजली तरी बरीच ऊब धरून ठेवते. भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभ्या राहणाऱ्या आपल्या धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

भिजण्याची दुसरी वाट आतून येते, आणि ती नवख्यांच्या ध्यानात येत नाही. पहाटे उणे सहाला माणूस चार थर घालून निघतो, चढ लागतो, वीस मिनिटांत आतला सदरा घामाने चिंब. मग तो माथ्यावर पोचतो आणि जनावराची वाट बघत दोन तास हलत नाही. दादा निघताना मुद्दाम कुडकुडत निघतात. जाड कोट पिशवीत. माथ्याला पोचल्यावर झाडाआड उभं राहून आतला ओला सदरा बदलतात, मग कोट. “थंडी वाजत निघालं नाही तर तुमचं चुकलं समजायचं,” ते म्हणाले.

शरीर गार पडू लागलं की आधी हाताची बारीक कामं जातात. चेन लागत नाही, काडेपेटीतली काडी धरता येत नाही. मग पाय अडखळतात, जीभ जड होते, माणूस विनाकारण चिडचिड करतो. सोबत्याने विचारलं तर “मी ठीक आहे” म्हणतो, आणि त्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नसतो. अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवून दाखव, असं त्याला सांगायचं. टेकत नसेल तर शिकार तिथेच संपली. कोरडे कपडे, गोड गरम पेय, शेकोटी. फार पुढची अवस्था आली तर मेंदू उलटा कौल देतो, माणसाला उकडल्यासारखं होतं आणि तो बर्फात कपडे काढू लागतो. कोलोरॅडोतली बचाव पथकं बहुतांशी स्वयंसेवकांची आहेत आणि सुटकेचे पैसे मागत नाहीत. शिकारीच्या परवान्यातले थोडे पैसे त्यांच्या निधीत जातात. पण फोन न लागणाऱ्या दरीत त्यांना पोचायला रात्र लागू शकते. ती रात्र सोबत्याला काढावी लागते.

कळप खाली उतरतात

एवढा त्रास आहे तर लोक बर्फात येतात कशाला? कारण बर्फाशिवाय एल्क दिसत नाहीत. उन्हाळाभर कळप ११ हजार फुटांवरच्या कुरणांत आणि स्प्रूस-फरच्या काळोख्या रानांत असतात. वर बर्फ गुडघ्याच्या आसपास साचलं की गवत उकरणं महाग पडतं आणि कळप जुन्या वाटांनी खाली सरकू लागतात. शिकारी बर्फाच्या अंदाजाकडे डोळे लावून बसतो ते यासाठी. फार पडलं तर त्याचा रस्ता बंद, अजिबात नाही पडलं तर कळप वरच.

फार पडणं एल्कनाही परवडत नाही. २०२२-२३च्या हिवाळ्यात या वायव्य भागात बर्फ इतकं खोल साचलं आणि त्यावर इतकी कठीण खपली धरली की एल्क, म्यूल हरणं आणि प्रॉन्गहॉर्न मोठ्या संख्येने मेले. राज्याच्या वन्यजीव खात्याने त्यानंतरच्या हंगामात या भागातले परवाने जबर कमी केले.

बर्फावर उठलेला माग वाचणं ही या लोकांची खरी विद्या. दादा गुडघ्यावर बसून खुराच्या ठशाच्या कडेला बोट लावतात. कड मऊ, भुसभुशीत असेल तर ठसा ताजा. टणक झाली असेल तर मधे एक गोठण गेली आहे. आत नवं भुरभुरलेलं बर्फ असेल तर पहाटेच्या सरीच्या आधीचा. लेंड्या आतपर्यंत गोठल्या आहेत की मऊ आहेत, तेही चिमटीत धरून बघायचं. उताराची दिशाही वाचावी लागते. दक्षिणेकडच्या उतारावर ऊन लागतं, बर्फ वितळून चिखल होतो, तिथे चालताना आवाज येत नाही पण पाय सरकतो. उत्तरेकडच्या उतारावर बर्फ टिकतं, आणि दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या खपलीवर प्रत्येक पावलाला कर्रर्र आवाज येतो. एल्कला तो फार लांबून ऐकू जातो. अशा दिवशी शहाणा शिकारी चालत नाही, बसून राहतो.

धोका बर्फाच्या खाली असतो. खोऱ्याच्या वरच्या टोकाला असलेल्या ट्रॅपर्स लेक या तळ्याच्या आसपासचं रान २००२च्या वणव्यात जळलं. तिथे अजून हजारो मेलेली खोडं उभी आहेत आणि हजारो आडवी पडली आहेत. आडव्या खोडांवर फूटभर बर्फ पसरलं की सगळं सपाट दिसतं. पाऊल दोन खोडांच्या फटीत जातं आणि वरचं अंग पुढे. नडगी मोडायला तेवढं पुरतं. उभ्या मेलेल्या झाडांखाली तंबू ठोकायचा नाही, वारा सुटला की ती कसलीही सूचना न देता पडतात.

रायफलीच्या नळीच्या तोंडाला विजेच्या वायरीला लावतात ती काळी चिकटपट्टी लावलेली मला दिसली. पडल्यावर नळीत चिखल किंवा बर्फ शिरू नये म्हणून. गोळीच्या पुढची हवाच ती पट्टी फाडून टाकते, नेमाला धक्का लागत नाही. पण नळीत बोटभर चिखल गेला आणि तशीच चालवली तर नळी फुटू शकते.

घोड्यांचे हाल निराळे. नालाच्या आत ओलं बर्फ दाबून बसतं, दर पावलागणिक वाढतं, आणि घोडा बर्फाच्या गोळ्यांवर तोल सांभाळत चालू लागतो. म्हणून नाल ठोकतानाच मधे रबरी गादी घालतात, ती प्रत्येक पावलाला बर्फ बाहेर फेकते. शिवाय नालाला कठीण धातूचे खिळे. पाणथळीत घोडा रुतला तर तो घाबरून धडपडतो आणि पाय मोडून घेतो. आउटफिटर म्हणाला, की त्याची म्हातारी खेचरी एखाद्या जागी थबकली तर तो तिला कधीही टाच मारत नाही. लांबून वळसा घालतो.

वर आणायचं ओझं

एका दुपारी आम्ही कड्याच्या तोंडाशी, वाकड्या ॲस्पेनच्या झाडांमध्ये बसलो होतो. तीन वाजून गेले होते. खाली, खोल घळीत, अडीचशे मीटरवर एक एल्कची मादी झाडीतून बाहेर आली. दादांकडे मादीचाच परवाना होता. त्यांनी रायफल दगडावर टेकवली, दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं. वारा आमच्याकडे होता, तिला पत्ता नव्हता. मग त्यांनी रायफल आडवी ठेवली.

“का?” मी कुजबुजले.

“खाली उतराले तास लागन. साफ कराले दोन तास. मग अंधार, आणि हा चढ पाहा नं, वर बर्फ, खाली चिखल. माझे सोबती दोन खोरे पलीकडं. एवढं मांस एकट्यानं वर नाही येत, ताई.”

पूर्ण वाढलेला नर एल्क सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो, मादी त्याहून कमी. हाडं काढून टाकली तरी नराचं सुमारे नव्वद किलो मांस उरतं, आणि ते रानातून माणसांच्या पाठीवर येतं. मागची एक तंगडी हाडासकट तीस किलोच्या घरात. म्हणजे एका माणसाच्या चार-पाच खेपा, त्याही चिखलात आणि ओझ्याने तोल गेलेल्या अवस्थेत. उतरलेला प्रत्येक फूट मांस घेऊन चढावा लागतो, हा हिशेब चाप ओढण्याआधी करायचा असतो. ती मादी चरत चरत झाडीत गेली. दादांनी चिवड्याची पुडी उघडली आणि आम्ही अंधार पडायच्या आत परत निघालो. या लेखासाठी मी जे काही बघितलं, त्यात मला सगळ्यात आदर वाटला तो या थांबण्याचा.

पलीकडच्या गटाला मात्र जनावर मिळालं, सपाट जागी, सकाळी. तिथे बर्फ उपयोगी पडलं. पातळ प्लास्टिकच्या होडीसारख्या घसरगाडीत मांस बांधून ते दोघांनी ओढत आणलं. उतारावर एक जण मागून दोर धरून, नाहीतर ओझं पुढच्याच्या पायांवर येतं. मांस बर्फात पुरून ठेवावं असं कुणालाही वाटेल, पण तसं करत नाहीत. बर्फ ऊब कोंडून धरतं, आणि एल्कचं कातडं इतकं जाड असतं की गोठत्या थंडीतही मांडीच्या हाडापाशी मांस नासू शकतं. आधी कातडं उतरवायचं, चारही तंगड्या सुट्या करायच्या, विरळ कापडाच्या पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल अशा टांगायच्या. वरून कोरडी खपली धरली की मांस टिकतं. ओलं राहिलं की बिघडतं.

चाकोरी

परतीच्या दिवशी पहाटे आम्ही टणक रस्त्याने खाली आलो. उजेडल्यावर बाजूच्या एका फाट्यावर आदल्या दुपारी कुणीतरी घातलेली गाडी दिसली, म्हणजे तिच्या खुणा दिसल्या. गुडघाभर खोल दोन चऱ्या, सरळ चढावर, आणि वर जिथे चाकं फिरून फिरून थांबली होती तिथे खड्डा. त्या चुकवायला दुसऱ्या गाडीने कुरणातून वळसा घेतला होता. तिसरीने आणखी बाहेरून. एका रस्त्याचे तीन झाले होते.

ही माती वाळली की त्या चऱ्या तशाच टणक राहतात. वसंतात बर्फ वितळलं की सगळं पाणी त्यांतून धावतं, त्या आणखी खोल होतात आणि निघालेला गाळ खाली ओढ्यात जातो. ट्राउट मासे ओढ्याच्या तळाच्या खड्यांमध्ये अंडी घालतात. खड्यांमधल्या फटी गाळाने बुजल्या की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. पुढच्या वर्षी वन खातं फाट्यावर फाटक लावतं आणि मग तिथे कोणीच जाऊ शकत नाही. दहा मिनिटांच्या हट्टाची ही किंमत आहे, आणि ती हट्ट करणारा भरत नाही.

याच खोऱ्याच्या वरच्या टोकाला, ट्रॅपर्स लेकला, १९१९ साली आर्थर कारहार्ट नावाच्या तरुण आरेखकाला वन खात्याने पाठवलं होतं. तळ्याभोवती रस्ता आणि घरांसाठी भूखंड आखायचं काम होतं. त्याने तळं बघितलं आणि इथे रस्ता करू नये असा अहवाल दिला. तो मानला गेला. १९६४च्या कायद्याने जी राखीव निबिड रानं ठरली त्यांमागच्या विचाराची सुरुवात या तळ्यापाशी झाली असं मानतात. तळ्याभोवतालचं फ्लॅट टॉप्सचं रान १९७५ साली त्या यादीत आलं. तिथे आजही चाक नेता येत नाही, सायकलसुद्धा. घोडा किंवा पाय. तिथल्याही वाटा चिखलाच्या आहेत, पण त्यांच्यावर चाकोऱ्या नाहीत.

डेन्व्हर-बोल्डरकडची आपली बरीच मराठी मंडळी सप्टेंबर-ऑक्टोबरात ॲस्पेनची पिवळी रानं बघायला याच कच्च्या रस्त्यांवर जातात. कुणी दादांसारखे शिकारीलाही जाऊ लागले आहेत. त्यांना माझं सांगणं आहे. निघण्याआधी मीकरमधल्या वन खात्याच्या ब्लँको रेंजर डिस्ट्रिक्टच्या कचेरीत फोन करा. रस्ता उघडा आहे का, एवढंच विचारू नका. कोरडा आहे का, तेही विचारा. ओला असेल तर गाडी पक्क्या रस्त्यावर ठेवा आणि चालत जा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे, तो गोठलेला असताना जा. आणि महाराष्ट्रात जे पावसाळ्यात हौसेने जीपा घेऊन ओल्या माळांवर आणि कुरणांवर चढतात, त्यांनाही हीच विनंती आहे: वापसा येईपर्यंत गाडी खालीच राहू द्या.